आधी साडीगार्ड उतरतं

जुनी मोटारसायकल ट्रॅकवरच्या शर्यतीसाठी तयार करायची म्हटली, की तिला काही लावण्याआधी तिच्यावरचं बरंच काही काढावं लागतं. आरसे निघतात, हॉर्न निघतो, पुढचा दिवा आणि इंडिकेटर निघतात, स्टँड आणि नंबरप्लेट निघते. आणि मागच्या चाकाशेजारची ती लोखंडी जाळी, आपलं साडीगार्ड, तेही उतरतं.

ही जाळी आपल्या गाड्यांवर उगीच आलेली नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये १२३ व्या क्रमांकाचा नियम आहे. मागे बसणाऱ्याला धरायला काहीतरी हवं, पाय ठेवायला जागा हवी आणि त्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं, असं तो सांगतो. नियम चांगलाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. त्यात 'बाई' हा शब्द कुठेही नाही, पण तो कोणासाठी आहे हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. मोटारसायकल म्हणजे पुढे तो, मागे एका बाजूला पाय सोडून ती, मांडीवर पर्स आणि पिशवी, हे चित्र आपण इतकं गृहीत धरलंय की ते लोखंडात ओतून गाडीला जोडून टाकलंय. शर्यतीच्या गाडीवर मात्र मागची जागाच नसते. बसणारा एकच, आणि गाडीचं जे काही होईल ते त्याच्या किंवा तिच्या माथी.

आता तुम्ही म्हणाल, बाईसाहेब, महागाई, पाणी, लोकल यांचे प्रश्न सोडून हे शर्यतीचं काय मध्येच? सांगते.

गुढीपाडव्याला आपल्या भागात काय दिसतं ते आठवा. डोंबिवलीच्या गणेश मंदिराने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा सुरू केली. पुढे ती ठाणे, कल्याण आणि थेट गिरगावपर्यंत पोहोचली. या यात्रेतलं सगळ्यांचं आवडतं दृश्य कुठलं? नऊवारी, नथ, डोक्याला फेटा, डोळ्यांवर काळा गॉगल आणि खाली धडधडणारी बुलेट! दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर तोच फोटो. मलाही तो आवडतो. त्या बायकांच्या चेहऱ्यावरचा आनंद खोटा नसतो. पण दरवर्षी तो फोटो बघताना माझ्या मनात एक खवचट प्रश्न येतो. ही बुलेट उद्या बंद पडली, तर यातल्या कितीजणी बाजूचं झाकण उघडून आत बघतील?

आपल्याला हँडल मिळालं, मैत्रिणींनो. पाना अजून मिळालेला नाही. मला या लेखात एवढंच म्हणायचंय.

आपल्या दुचाकीचा इतिहास बघा. १९७२ मध्ये पुण्यात किनेटिकची लुना आली आणि शिक्षिका, नर्स, पोस्टातल्या बायका भुर्रकन निघाल्या. १९८४ मध्ये किनेटिक होंडा आली, गिअर गेले, किक मारायची कटकट गेली. मग स्कूटी, मग आजच्या बटणावर सुरू होणाऱ्या सगळ्या गाड्या. या गाड्यांनी आपलं आयुष्य बदललं, याबद्दल वादच नाही. रिक्षासाठी हात करत उभं राहणं संपलं, रात्रीच्या शेवटच्या लोकलने उतरल्यावर घरी पोचायची धास्ती कमी झाली. पण बायकांसाठी म्हणून जी जी गाडी आली, ती 'तुम्हाला काही बघायला लागणार नाही' असं सांगतच आली. सोय झाली खरी. त्या सोयीबरोबर एक समजही घरात शिरला, की बाईने यंत्र चालवावं, समजून घ्यायची गरज नाही.

त्याची किंमत आपण दर सर्व्हिसिंगला मोजतो. स्कूटर आपली, हप्ते आपल्या पगारातून, पण गॅरेजमध्ये मेकॅनिक बोलतो तो सोबतच्या पुरुषाशी. सोबत बारावीतला मुलगा असला तरी त्याच्याशी! एकटीने गेलं तर "ताई, संध्याकाळी या, करून ठेवतो." काय करून ठेवणार ते तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही, कारण उत्तर कळेल याची आपल्यालाच खात्री नसते. मग बिलात जे लिहिलं असेल ते निमूट द्यायचं.

म्हणून म्हणते, एखाद्या मुलीने जुनी गाडी शर्यतीसाठी तयार करायची म्हटली तर तिला हसू नका. शर्यत सात-आठ फेऱ्यांत संपते. तयारी मात्र काही महिने चालते, आणि त्या महिन्यांत ती जे शिकते ते जन्मभर उपयोगी पडतं.

धरून चालू, की डोंबिवलीच्या एखाद्या जुन्या सोसायटीत जिन्याखाली ताडपत्री टाकून एक येझदी उभी आहे. काकांची किंवा आजोबांची असेल. अशा गाड्या आपल्याकडे कमी नव्हत्या. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरमध्ये आयडियल जावा कंपनी काढली आणि १९६१ पासून तिथे चेकोस्लोव्हाकियाच्या जावा मोटारसायकली बनू लागल्या. सत्तरच्या दशकात त्याच गाडीचं नाव येझदी झालं. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. अलीकडे, २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावं नव्या कंपनीने परत आणली, पण ती यंत्रं वेगळी. जुनी येझदी म्हणजे अडीचशे सीसीचं एका सिलिंडरचं दोन-स्ट्रोक इंजिन, दोन बाजूंना दोन सायलेन्सर आणि तो गल्लीच्या टोकाहून ओळखू येणारा आवाज. तिची आणखी एक गंमत म्हणजे किक आणि गिअर एकाच दांडीवर. दांडी आत दाबून वर वळवली की किक, पुन्हा खाली आणली की तोच गिअर.

सरकारी हिशेबाने मात्र ती लगेच 'व्हिंटेज' होत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीलाच ते नाव आणि 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरमालिका मिळते. चाळीस वर्षांची येझदी सरकारदरबारी नुसतीच जुनी गाडी! तेव्हा कल्याणच्या आरटीओत जाऊन तिच्या नोंदणीची मुदत संपलीय का, हे आधी बघायचं. शर्यतीसाठी काढलेले भाग नीट चिठ्ठ्या लावून ठेवायचे, कारण दिवे-आरसे काढलेली गाडी रस्त्यावर चालवणं बेकायदा आहे. ती टेम्पोतून न्यायची, नाहीतर टाकी रिकामी करून रेल्वेच्या पार्सलने.

आता गाडी खोलायची. इथे पोरं पहिली चूक करतात, ती म्हणजे थेट इंजिनाला हात घालतात. पहिलं काम आहे धुणं. चाळीस वर्षांची तेलकट माती डिझेल आणि ब्रशने काढल्यावरच खालचं लोखंड दिसतं. सांगाड्याच्या जोडांना तडे गेलेत का, हँडलच्या बेअरिंगमध्ये खाच पडलीय का, मागच्या फोर्कचे बुश ढिले झालेत का, हे धुतल्याशिवाय कळत नाही.

दुसरं काम ब्रेक. पळवायच्या आधी थांबवायची सोय. जुन्या येझदीला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. आतले लायनर वर्षानुवर्षं उभ्या गाडीत कडक, काचेसारखे गुळगुळीत होतात. ते नवे लावायचे, ब्रेकच्या आणि क्लचच्या वायरी जुन्या असतील तर बिनदिक्कत फेकायच्या. टायरवर कितीही नक्षी शिल्लक असली तरी त्याचं वय बघायचं. प्रत्येक टायरच्या अंगावर एका जागी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. तुमच्या स्कूटरच्या टायरवरही ते आहेत, उद्या खाली वाकून वाचा. चाकाच्या तारा पान्याने एकेक वाजवून बघायच्या. माठ घेताना आपण बोटाने वाजवतो, तसंच. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तार ढिली.

मग इंजिन. अशा जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनाला सहसा वेगळा तेलाचा पंप नसतो, पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेलच आतल्या भागांना वंगण पुरवतं. त्याच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. ती जुनी झाली की कडक होतात आणि त्यांच्या फटीतून चोरटी हवा आत शिरते. हवा जास्त झाली की पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटतो आणि मागचं चाक धावता धावता एकदम अडकतं. गॅरेजच्या भाषेत गाडी 'सीज' झाली. ताशी शंभरच्या वेगात असं झालं तर काय होईल ते सांगायला नको. आणि हे सगळं कशामुळे? एका स्वस्तातल्या रबराच्या कड्यामुळे. कुकरची रिंग कडक झाली की वाफ बाजूने सुटते आणि डाळ शिजत नाही, हे ज्या बाईला कळतं तिला ऑइल सील कळायला अजिबात अवघड नाही. फक्त तिला ते कोणी दाखवत नाही.

सिलिंडर झिजला असेल तर लेथवाल्याकडे जाऊन रिबोअर करायचा, पिस्टन मापाचा घ्यायचा. अशा कामांना आपल्याकडे तोटा नाही. एमआयडीसीची सुरुवातच १९६२ मध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून झाली. भांडुपला लॅम्ब्रेटा स्कूटर बनत होत्या, कल्याण-डोंबिवलीच्या बाजूला प्रीमियरचा मोटारींचा कारखाना होता. ते कारखाने गेले, तिथे टॉवर आले, पण हातात कसब असलेली माणसं या पट्ट्यात अजून आहेत. न मिळणारा भाग उल्हासनगरात, नाहीतर मुंबईच्या चोर बाजारात शोधायचा.

सायलेन्सरमधला आणि सिलिंडरच्या तोंडाचा काळा कार्बन खरवडायचा. पॉइंटमधलं अंतर पातळ पातीने मोजून लावायचं, ते अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असतं. कार्बोरेटरमध्ये पितळेचा एक चिमुकला जेट असतो, त्याच्या भोकातून पेट्रोल येतं. भोक किती मोठं हवं, हे प्लग सांगतो. गाडी पळवून आणून प्लग काढायचा आणि आतल्या पांढऱ्या चिनी मातीचा रंग बघायचा. खरपूस भाजणीचा रंग असेल तर जमलं. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, इंजिन तापतंय. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त. चकलीची भाजणी नुसत्या रंगावरून आणि वासावरून ओळखणाऱ्या बाईला हे वाचन जमणार नाही, असं कोण म्हणतं?

यात एक नियम पाळायचा. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. तारीख, हवा कशी होती, कुठला जेट, प्लगचा रंग काय. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे काय झालं ते कळत नाही. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या हातांना ही सवय नवी नाही.

ट्रॅकवर गेल्यावर आधी गाडीची तपासणी होते. तेलाचे बोल्ट आणि झाकणं नुसती आवळून चालत नाहीत. त्यांना बारीक भोक पाडून, स्टीलची तार ओवून, पीळ देऊन बांधावं लागतं. कारण थरथरीने बोल्ट सुटला तर तेल ट्रॅकवर सांडणार आणि मागून येणारा त्यावरून घसरणार. कार्बोरेटरमधून ओघळणारं पेट्रोल साठवायला बाटली बांधतात, तीही त्याच्यासाठीच. ब्रेक-क्लचच्या दांड्यांची टोकं गोल असावी लागतात, पडल्यावर कोणाला टोचू नयेत म्हणून. अॅक्सिलरेटर सोडला की आपोआप मागे फिरायला हवा. इंजिन एका बोटाने बंद करायचं बटण हाताशी हवं. या यादीतल्या निम्म्या गोष्टी दुसऱ्याच्या जिवासाठी आहेत. शर्यत म्हणजे बेफिकिरी असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही यादी एकदा वाचावी.

आणि मग चालवणारी. चांगलं हेल्मेट, सबंध अंगाचा चामड्याचा सूट, हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंत बूट, पाठीला संरक्षक कवच. या सगळ्याचा खर्च कधी कधी जुन्या गाडीपेक्षा जास्त होतो, आणि तिथे काटकसर करायची नाही. अंगठ्या, बांगड्या, गळ्यातलं घरी ठेवायचं, केस आत खोचायचे. ओढणीचा तर प्रश्नच नाही.

आता आईचा प्रश्न. पडली तर?

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि "काही होत नाही गं" असं खोटं उत्तर मी देणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर मोटारसायकल शर्यतीत अवघ्या तेरा वर्षांचा एक मुलगा गेला. त्याच वर्षी जानेवारीत तिथेच एका अनुभवी मोटारचालकाचाही अपघातात मृत्यू झाला. ट्रॅक म्हणजे खेळाचं मैदान असलं तरी तिथे जीव जाऊ शकतो. माझ्या मते लहान मुलांना तिथे उतरवायची घाई कोणी करू नये. पण जाणत्या, कमावत्या मुलीबद्दल बोलताना दुसरी बाजूही बघू. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, आणि त्यातली सुमारे पंच्याहत्तर हजार दुचाकीवरची होती. ती शर्यतीत नव्हती. ऑफिसला, बाजारात, क्लासला निघाली होती. तुमची मुलगी रोज कल्याण-शीळ रस्त्यावरून किंवा घोडबंदर रोडवरून कंटेनरच्या शेजारून जाते, तेव्हा आपण फार तर "सावकाश जा" म्हणतो. ट्रॅकवर निदान सगळे एकाच दिशेने जातात. खड्डा नाही, उलटी येणारी रिक्षा नाही, रस्ता ओलांडणारं कोणी नाही, कडेला झेंडे घेतलेली माणसं आणि रुग्णवाहिका उभी असते. ज्यांना वेगाची हौस आहे त्यांनी ती तिथे भागवावी. रात्री हमरस्त्यावर पैजा लावणाऱ्या पोरांना शूर म्हणायचं आणि नियमाने ट्रॅकवर उतरणाऱ्या मुलीला आगाऊ म्हणायचं, हा कुठला न्याय?

अडचणी आहेत, त्या लपवायच्या कशाला? शर्यतीसाठी परवाना लागतो, वैद्यकीय तपासणी लागते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० मध्ये सुरू झाला, कोइम्बतूरचा २००३ मध्ये, दिल्लीजवळचा बुद्ध सर्किट २०११ मध्ये. ठाण्याहून चेन्नई म्हणजे तेराशे किलोमीटरच्या आसपास. येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्च धरला की मध्यमवर्गीय घराच्या पोटात गोळा येतो. दोन-स्ट्रोक गाडीचा धूर होतो, आणि डोंबिवलीकरांना धुराचं महत्त्व कोणी शिकवायला नको. म्हणून प्रत्येक घरातल्या मुलीने शर्यतीत उतरावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. जिला उतरायचंय तिला 'हे मुलींचं काम नाही' एवढ्या एकाच कारणासाठी अडवू नये. पैसे नाहीत म्हणा, वेळ नाही म्हणा, तुझी तयारी कच्ची आहे म्हणा. ती कारणं तिला पटतील, आणि त्यांवर ती उपायही शोधेल.

मुलींचं काम नाही, हे वाक्य तसंही खोटं ठरून नव्वद वर्षं झाली. इंग्लंडमध्ये बिॲट्रिस शिलिंग नावाची एक मुलगी होती. जन्म १९०९ चा, तारीख नेमकी आठ मार्च! चौदाव्या वर्षी तिने स्वतःची मोटारसायकल घेतली. पुढे मँचेस्टरला विद्युत अभियांत्रिकी शिकली. ब्रुकलँड्स नावाच्या काँक्रीटच्या ट्रॅकवर १९३४ मध्ये तिने आपल्या नॉर्टन गाडीवर ताशी १०६ मैल, म्हणजे सुमारे १७० किलोमीटर वेगाने फेरी मारली आणि तिथला मानाचा सुवर्णतारा मिळवला. तो मिळवणाऱ्या बायका तिघीच. बाकीच्या दोघी म्हणजे फ्लॉरेन्स ब्लेंकिरन आणि थेरेसा वॉलक. या दोघी तर १९३४-३५ मध्ये साइडकार जोडलेल्या मोटारसायकलवरून लंडनहून केपटाऊनला गेल्या, सहारा वाळवंट ओलांडून.

शिलिंगबाई आपली गाडी स्वतः तयार करायच्या. जेट, वेळ, दाब, सगळं स्वतः बघायच्या. पुढे त्या सरकारी विमान संशोधन संस्थेत लागल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांची एक अडचण होती. वैमानिकाने विमानाचं नाक एकदम खाली घातलं की कार्बोरेटरमध्ये आधी पेट्रोल कमी पडायचं, मग एकदम जास्त यायचं आणि ऐन लढाईत इंजिन गचके खायचं. १९४१ मध्ये शिलिंगबाईंनी त्यावर एक साधा उपाय काढला. मधोमध भोक पाडलेला धातूचा एक लहानसा तुकडा, पेट्रोल मोजून सोडणारा. तो बसवायला विमान कारखान्यात न्यायची गरज नव्हती. विमानतळांवर तो बसवून द्यायला त्या फिरल्या, तेव्हा त्यांच्याखाली होती त्यांची ती जुनी शर्यतीची नॉर्टन, रस्त्यासाठी परत सजवलेली.

आता सांगा, हे ज्ञान कुठून आलं? कॉलेजातून आलंच. पण पेट्रोल, हवा आणि एक पितळी भोक यांचा खेळ मोटारसायकलवर बोटं काळी केलेल्या माणसाला जसा कळतो, तसा नुसत्या पुस्तकातून कळत नाही.

आपल्याकडचंही उदाहरण आहे, तुमच्यातल्या पुष्कळजणींना ठाऊक असेल. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. बंगळुरूला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्तींनी, थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं, आणि पुढे पुण्याच्या त्या कारखान्यात त्या अभियंता म्हणून रुजू झाल्या. त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात अलीकडे गाड्या जोडणारी एक सबंध लाइन मुलींनी चालवायला घेतली. नोकरीचं दार असं उघडलं. घरातलं पान्यांच्या डब्याचं झाकण मात्र अजून मुलाच्याच हाताने उघडतं. गाडी पंक्चर झाली की "दादाला हाक मार", मिक्सर बिघडला की "बाबा येऊ देत." मुलगी हुशार असते, अभियांत्रिकीला असते, तरी तिच्या हातात आपण पाना देत नाही. उलट तेलाचे डाग पडलेले दिसले की आधी ओरडतो, "कपडे बघ!"

तेव्हा जिन्याखालच्या ताडपत्रीकडे पुन्हा एकदा बघा. भंगारवाला त्या गाडीचे किती देतो हे विचारण्याआधी घरातल्या मुलीला विचारा. कदाचित ती नाही म्हणेल, त्यातही काही बिघडलं नाही. हो म्हणाली तर एका रविवारी तिच्या शेजारी पाट घेऊन बसा. डबा, ब्रश, जुनी गंजीफ्रॉकची फडकी आणि एक वही एवढी सामग्री पहिल्या दिवसाला पुरते. मेकॅनिककाकांना पैसे देऊन बोलवा, पण एका अटीवर. पाना तिच्या हातात राहील, त्यांनी फक्त सांगायचं. महिन्याभरात तिला कळेल की ती ट्रॅकवर जाणार की नाही. पहिल्या शर्यतीत जिंकायचं नसतंच, गाडी आणि आपण दोघांनी शेवटची फेरी धड पूर्ण करायची असते. तिथवरही गेली नाही तरी एक चालती गाडी आणि ती चालती का आहे हे जाणणारी मुलगी घरात असेल.

आणि ज्यांच्याकडे जुनी गाडी नाही त्यांनी काय करायचं? स्कूटरच्या डिकीत कंपनीने दिलेली एक छोटी पिशवी असते. ती बहुतेक जणींनी उघडलेलीही नसते. आत प्लगचा पाना असतो. पुढच्या सर्व्हिसिंगला जाल तेव्हा प्लग काढून दाखवायला सांगा, त्याचा रंग बघा आणि तो रंग असा का आहे ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.